हिशेब तोंडात आहे, तो कागदावर आणायचाय: मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवताना

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे विडी कामगारांच्या वस्तीत संध्याकाळी कुठल्याही गल्लीत शिरा. उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बायका बसलेल्या दिसतील. हात विड्या वळतोय, नजर रस्त्यावरच्या पोरांवर आहे आणि तोंडाने हिशेब चाललाय. पंचवीसचं एक बंडल, चाळीस बंडलं झाली की हजार. छाट, म्हणजे खराब म्हणून बाद केलेल्या विड्या, किती निघाली, हातात किती येणार, भिशीला किती जाणार, किराणावाल्याचे किती राहिले, सगळं पाठ. त्याच बाईच्या हातात पासबुक दिलं की ती ते शेजारच्या सातवीतल्या मुलीपुढे धरते.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याचा साक्षरता दर ७७ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे सात वर्षांवरच्या चार माणसांमागे जवळपास एक जण कागदापुढे अडलेला, आणि त्यात बायका जास्त. मी काही वर्षं शहराच्या पूर्व भागात संध्याकाळचा छोटा वर्ग घेते. तिथे जे हाती लागलं ते इथे मांडते. ज्यांना शिकायचंय त्यांना हे वाचता येणार नाही, म्हणून लिहितेय ते तुमच्यासाठी: आईला शिकवू पाहणारी मुलगी, कारखान्यातल्या मित्राला सही शिकवणारा कामगार, किंवा सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव दिलेले कॉलेजचे विद्यार्थी. थोडं वाचता येणाऱ्यांनी हे हळूहळू स्वतःही वाचावं, घाई नाही.

सुरुवात चष्म्यापासून

पुस्तक उघडण्याआधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसायला लागतं, म्हणून तर आपण त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. शिकायला येणारी बहुतेक माणसं चाळिशी ओलांडलेली असतात आणि ज्याला वाचायचंच नव्हतं त्याने चष्मा कधी करून घेतलेला नसतो. "माझ्या डोक्यात काही शिरत नाही गं" म्हणणाऱ्या एका अक्कांना जवळचा चष्मा मिळाला आणि त्याच आठवड्यात त्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. डोक्यात सगळं शिरत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. वर्गातला दिवाही नीट हवा. वही अंधारात आणि दिवा शिकवणाऱ्याच्या डोक्यावर, असं बऱ्याच घरांत असतं.

मग दहा मिनिटांत अंदाज घ्या की कोण कुठे आहे. परीक्षा म्हणून नको, गप्पा मारता मारता. पाच-सहा सुटी अक्षरं दाखवा, मग साधे शब्द, मग एक वाक्य, मग चार ओळींचा उतारा. जिथे अडतील तिथून शिकवायला घ्या. आकड्यांचंही तसंच: एक ते नऊ ओळखतात का, दोन अंकी संख्या वाचतात का, हातच्याची वजाबाकी कागदावर जमते का. लहानपणी तिसरी-चौथीपर्यंत शाळेत गेलेल्यांना अक्षरं विसरल्यासारखी वाटतात, पण ती लवकर परत येतात. त्यांना पुन्हा 'अ'पासून बसवू नका, कंटाळून जातील.

कोणतं पुस्तक?

पहिल्या वर्षी मी पहिलीचं पुस्तक घेऊन गेले होते. चेंडू, बदक, बाहुली. पाच जणी आल्या होत्या, आठवड्याने दोघी उरल्या. एकीने मला खालच्या आवाजात सांगितलं, "नातू हेच वाचतोय, मी त्याच्या शेजारी बसून हेच कसं वाचू?" तेव्हापासून पहिले शब्द मी त्यांच्या कामातूनच घेते.

विडी कामगारांसाठी 'पान' आणि 'सूप' हे दोन शब्द पुरतात. त्यातून प, न, स ही तीन अक्षरं मिळतात, काना मिळतो, दीर्घ ऊकार मिळतो. एवढ्यावर लगेच नवे शब्द होतात: सून, पास, नस. 'सून' हा शब्द स्वतः जुळवून वाचल्यावर वर्गात जी खसखस पिकते, ती कुठल्या चित्राने पिकणार नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसासाठी 'माग', 'धागा' आणि 'नग' घ्या. म, ग, ध, न आले की मन, मग, मान, नाग, धान, मध, मागा. इथे आणखी एक फायदा आहे. ग, म, न ही अक्षरं एकाच घाटाची, एक उभी रेघ आणि डावीकडे थोडा फरक, त्यामुळे हातालाही सोपी जातात. ग म भ न म्हणायची जुनी पद्धत त्यातूनच आली आहे. 'कात्री' हा शब्दही रोजच्या कामातला आहे, पण त्यातला 'त्र' पहिल्या महिन्यात नको.

बाराखडी म्हणायला माझी हरकत नाही. अडचण अशी की मोठी माणसं ती दोन दिवसांत पाठ करतात आणि मग पुस्तकाकडे न बघता घडाघडा म्हणतात. तुम्हाला वाटतं वाचतायत. म्हणून पत्त्यांएवढे पुठ्ठ्याचे तुकडे कापा, एकेकावर का, कि, की, कु, कू लिहा आणि पिसून समोर टाका. क्रम मोडला की खरं काय येतंय ते कळतं.

पाठ असण्याचा उपयोग मात्र दुसरीकडे मोठा आहे. आरती, जात्यावरची ओवी, वारीत म्हटलेला अभंग, जे तोंडी पक्कं आहे ते मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि म्हणता म्हणता एकेका शब्दाखाली बोट फिरवायला सांगा. पुढचा शब्द कोणता ते आधीच माहीत असतं, त्यामुळे भीती राहत नाही आणि डोळा आपोआप आवाजाशी अक्षर जोडायला लागतो. मधेच थांबवून विचारा, "आता बोट कोणत्या शब्दावर आहे?" तिथून खरं वाचन सुरू होतं.

सही

सगळ्यांना आधी सही हवी असते, आणि ती आधीच द्यावी. अंगठ्याला लागलेली शाई चारचौघांत पुसायला लागणं काय असतं ते त्यांनाच ठाऊक. आपल्याकडे लक्ष्मी हे नाव घरोघरी, आणि लिहायला ते सगळ्यांत अवघड: क्ष, त्याला जोडलेला म, वर दुसरी वेलांटी. ते फोडून शिकवत बसलात तर तीन महिने सही होणार नाही. आधी संपूर्ण नाव रांगोळीसारखं, एक आकृती म्हणून गिरवू द्या. अक्षरं एकेक करून पुढे भेटत जातील, आणि एक दिवस त्या स्वतःच म्हणतील, "हा म तर माझ्या नावात आहे."

पहिल्या आठवड्यात पेन इतकं दाबलं जातं की मागच्या पानावर उठतं. दिवसभर नाजूक पान वळणारी बोटंही पेन धरल्यावर आखडतात. जाड पेन्सिल द्या, दुरेघी वही द्या आणि मध्ये मध्ये हात झटकायला सांगा. पाटी कुणाला आवडते, चुकलेलं पुसून टाकता येतं म्हणून. कुणाला ती पोरांची वाटते. ज्याचं त्याला ठरवू द्या.

एक व्यवहाराची गोष्ट. बँकेत खातं अंगठ्यावर असेल तर नुसती सही येऊन भागत नाही, सहीचा नमुना बदलून घेण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. एका मावशींबरोबर मी एका बँकेत गेले होते. खिडकीतल्या माणसाने न बघताच शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाला, "लावा अंगठा, मागे रांग आहे." मावशींनी अंगठा लावला. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी आधी अर्ज भरून घेते, ओळखपत्र सोबत ठेवायला सांगते आणि गर्दी नसेल त्या वेळी जायला सांगते. आणि सही शिकवतानाच हेही शिकवा: कोऱ्या कागदावर सही नाही, वाचून न घेतलेल्या कागदावर सही नाही, ओळखीचा माणूस म्हणाला तरी नाही.

आकडे: नोट हेच पहिलं पुस्तक

माणसं नोटा रंगावरून ओळखतात. शंभरची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. त्यांच्या हातात ही नोट आहे तर तक्ता कशाला शोधायचा? २०१६ पासून आलेल्या नव्या नोटांवर रक्कम इंग्रजी आकड्यांतही असते आणि देवनागरीतही. दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. मागच्या बाजूला भाषांची जी पट्टी आहे तिच्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चारही भाषांत तीच रक्कम लिहिलेली असते. आमच्या वर्गात पद्मशाली घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका आहेत, कन्नड बोलणाऱ्या आहेत, मुस्लिम मोहल्ल्यातल्या आहेत. ती पट्टी पाहिल्यावर प्रत्येकीने आपापली ओळ शोधायला घेतली होती.

देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांचा गोंधळ इथेच सोडवा, नाहीतर पुढे महागात पडतो. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. फोन, एटीएम, गॅसची पावती, मीटर सगळीकडे इंग्रजी आकडे असतात, शाळेच्या पुस्तकात आणि पंचांगात मराठी. माझं मत असं की सुरुवातीचे दोन आठवडे फक्त इंग्रजी आकडे घ्यावेत, कारण रोज तेच लागतात. मराठी आकडे नंतर एका दिवसात समोरासमोर मांडून शिकवावेत.

आता संख्यांची नावं. मराठीत चोवीस म्हणताना चार आधी येतो आणि वीस नंतर, म्हणून ऐकून लिहिताना ४२ लिहिलं जातं. एकोणतीस तर फारच फसवं, कानावर 'तीस' पडतं आणि हात तीन लिहितो. तेलुगूत चोवीसला 'इरवै नालुगु' म्हणतात, म्हणजे सरळ वीस-चार. एकोणतीस म्हणजे 'इरवै तोम्मिदि', वीस-नऊ. कन्नडमध्येही दशक आधी, एकक नंतर. बोलायचा क्रम आणि लिहायचा क्रम एकच. त्यामुळे घरी तेलुगू बोलणाऱ्या अक्कांना आकडा आधी त्यांच्या भाषेत म्हणायला सांगा, मग लिहायला सांगा, चुका चटकन कमी होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस चार' अशी पद्धत दिली तेव्हा मोठा वाद झाला होता. मुलांचं काय करायचं ते शिक्षक ठरवतील, पण मोठ्यांच्या वर्गात मला ही पद्धत फार उपयोगी पडली. चोवीस हा शब्द त्यांना बाजारात येतोच, तो मोडायचा नाही. फक्त लिहिताना मनात 'वीस-चार' म्हणायचं.

शून्य हा पुढचा अडथळा. 'एकशे पाच' लिहा म्हटलं की १००५ येतं. शंभर लिहिले, त्यापुढे पाच लिहिले, त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. चौकटीची वही घ्या, वर तीन खाने करा: शंभराच्या नोटा, दहाच्या नोटा, सुट्टे रुपये. एक शंभराची नोट ठेवा, एकेक रुपयाची पाच नाणी ठेवा, दहाचा खाना रिकामा. रिकाम्या खान्यात शून्य. हे हाताने पाच-सहा वेळा केलं की पुन्हा सांगावं लागत नाही. तसंच तोंडी येणारे सव्वाशे, दीडशे, पाऊणशे, अडीचशे कागदावर १२५, १५०, ७५, २५० असे दिसतात, ते एकदा शेजारी शेजारी लिहून घ्या. जुन्या माणसांना हे शब्द आपल्यापेक्षा जास्त येतात.

बेरीज-वजाबाकी घरातल्या कागदांवर

मजुरीपासून सुरू करा. सोयीसाठी हजार विड्यांना २०० रुपये धरू. हजारात ४० बंडलं, म्हणजे एका बंडलाचे ५ रुपये. सातशे विड्या झाल्या तर २८ बंडलं, १४० रुपये. त्यातल्या पन्नास छाट म्हणून काढल्या तर दोन बंडलं गेली, १० रुपये कमी. तोंडी उत्तर आधी विचारा, ते बरोबरच येईल, आणि मग तेच कागदावर कसं मांडायचं ते दाखवा. उत्तर माहीत असलेलं गणित मांडताना माणूस रीतीकडे लक्ष देऊ शकतो.

मग लाईट बिल. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केलं की युनिट मिळतात: ४३१२ वजा ४२२६ म्हणजे ८६. हातच्याची वजाबाकी शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, कारण उत्तर बिलावर छापलेलं असतं, पडताळून घेता येतं. दशांशासाठी गॅसची टाकी. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. ते १५.८ असेल तर भरलेल्या टाकीचा काटा ३० किलो दाखवायला हवा. गुणाकारासाठी रेशन: प्राधान्य गटातल्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य, घरात सहा नावं असतील तर ३० किलो.

आणि व्याज. यावर वेळ घालवा, दोन-तीन दिवस द्या. 'शेकडा तीन' ऐकायला काहीच वाटत नाही. दहा हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिना ३०० आणि वर्षाला ३,६००, मुद्दल तसंच उभं. हे ज्या संध्याकाळी फळ्यावर मांडलं त्या संध्याकाळी कुणी घरी जायला उठलं नाही.

एक पथ्य पाळा. कुणाचंही पासबुक, कर्जाचा कागद किंवा मजुरीची नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची नाही. उदाहरणाला बनावट आकडे घ्या, खरा कागद ज्याचा त्याच्यासोबत बाजूला बसून बघा. एटीएमचा पिन आणि ओटीपी शिकवतानाही खरा आकडा विचारायचा नाही. तुम्ही मागितलात आणि त्यांनी दिला, तर उद्या फोनवर मागणाऱ्यालाही देतील.

वर्ग टिकवायचा कसा

आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तास. याहून जास्त ताणू नका. विड्या पोचवायच्या असतात, मागाच्या पाळ्या बदलतात, पाहुणे येतात. गैरहजेरीबद्दल बोलू नका, कुणी पंधरा दिवसांनी आलं तरी "या अक्का" म्हणा आणि जिथे राहिलं तिथून सुरू करा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत वर्ग भरत नाही, भरवायचा प्रयत्नही करू नका. त्याऐवजी जत्रेतल्या पाच पाट्या वाचून यायला सांगा. हात सूप सोडायला तयार नसेल तर पहिले काही दिवस विड्या वळता वळता ऐकू द्या.

जोडाक्षरांची वेळ आली की आमचा वर्ग एकदा एसटी स्टँडवर जातो. माढा, मोहोळ, करमाळा, तुळजापूर या पाट्या आधी, पुढे अनुस्वाराच्या सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मग रफाराची बार्शी, शेवटी अक्कलकोट. कर्नाटकातून येणाऱ्या गाड्यांवर कन्नड पाटी दिसली आणि कुणाला ती वाचता आली, तर तिला वाचून दाखवायला सांगा.

नोंदणी आणि परीक्षा

केंद्र सरकारचा 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. वय १५ किंवा त्यापुढे असलेल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणालाही त्यात नाव घालता येतं. पैसे लागत नाहीत. जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, नोंदणी तिथूनच होते आणि स्वयंसेवकाचीही. कोणत्या भाषेत परीक्षा देता येईल ते नोंदणी करतानाच विचारून घ्या, आपल्या शहरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

परीक्षा १५० गुणांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. महाराष्ट्रात ती २०२४ मध्ये १७ मार्चला आणि २०२५ मध्ये २३ मार्चला झाली, दोन्ही वेळा रविवारी. राहिलं तर पुन्हा बसता येतं, हे आधीच सांगून ठेवा. सगळ्यांत जास्त भीती गुणांची नसते, शाळेच्या वर्गात बाकावर बसायची असते. म्हणून आदल्या आठवड्यात एकदा त्याच शाळेत नेऊन आणा. बाकावर बसू द्या, प्रश्नपत्रिकेसारखा एक कागद भरून घ्या, नाव कुठे लिहायचं आणि चौकट कुठे भरायची ते दाखवा. परीक्षेला जाताना चष्मा आठवणीने घ्यायला लावा.

पास झाल्यावर लगेच पुढच्या वर्गाच्या मागे लागू नका. ज्यांना हवंच असेल त्यांच्यासाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या स्तरापासून सोय आहे. बाकीच्यांसाठी रोज वाचायला काहीतरी घरात येत राहणं जास्त गरजेचं. पेपरातला एक मथळा, नातवंडाने पाठवलेला मेसेज, किराण्याची यादी स्वतः लिहिणं. सराव तुटला की चार-सहा महिन्यांत जोडाक्षरं निसटायला लागतात, हे मी पाहिलंय.

त्यासाठी आम्ही एक करतो. पास झालेल्या प्रत्येकीच्या शेजारी नवी आलेली एक जण बसवतो. परवा एक अक्का नव्या बाईला 'सूप' शिकवत होत्या. दीर्घ ऊकार कुठे द्यायचा हे सांगताना त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, तिचा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "खालून गोल घे, तंबाखू सावरतेस ना, तसा."